केसांतली लाट आणि कंगवा धरणारे हात

आमच्या थोरल्या फुफूच्या इंतकालनंतर तिच्या मिरजेच्या घरातील सामान आवरताना भिंतीवरची एक जुनी तसबीर हातातून निसटली आणि काच फुटली. तसबिरीत फुफूचा १९५४-५५च्या सुमाराचा फोटो होता. डोक्यावर पदर, मधोमध भांग, नजर सरळ. नवी काच बसवण्यासाठी मागचा पुठ्ठा काढला तर त्याच्या आडून दुसरा फोटो निघाला. तोच स्टुडिओ, तीच साडी, बहुधा तोच दिवस. फक्त या फोटोत पदर खांद्यावर आहे, भांग डावीकडे सरकला आहे आणि कपाळापासून कानापर्यंत केसांच्या तीन स्पष्ट लाटा उतरल्या आहेत. कानाखाली केस आत वळवून असे बसवले आहेत की ते मानेपर्यंतच असावेत असे वाटावे. प्रत्यक्षात फुफूचे केस कमरेखाली जात. खाटेवर बसून ती ते विंचरू लागली की अंथरुणावर केसांचा ढीग साचे, हे आम्ही लहानपणी रोज पाहिले आहे.

घरात या दुसऱ्या फोटोवर दोन दिवस चर्चा झाली. एका चुलतभावाने ‘सिनेमाची नक्कल’ म्हणून विषय संपवला. आम्हाला तो तेथे संपला असे वाटले नाही. नक्कल म्हटली तर ती कुणाची? सिनेमातल्या बाईने तरी ती लाट कोठून आणली होती? आणि कमरेखाली जाणारे केस मानेपर्यंत दिसतील असे बांधायला त्या काळी कुणी शिकवले? मुस्लिम स्त्रीच्या पदराबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, अजूनही लिहिले जाते. पदराखालच्या केसांचा इतिहास मात्र कुणी फारसा लिहिला नाही.

केसांत कृत्रिम लाट पाडण्याचे तंत्र युरोपातले, यात शंका नाही. पॅरिसच्या मार्सेल ग्राटो या केशकर्तनकाराने १८७०च्या दशकात गरम चिमट्याने लाटा पाडण्याची पद्धत रूढ केली. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कार्ल नेस्लर या जर्मन कारागिराने लंडनमध्ये ‘पर्मनंट वेव्ह’ म्हणजे धुऊनही न जाणारी लाट शोधली. पहिल्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेत बायकांनी केस कापले आणि त्या आखूड केसांवर ओल्या लाटा बसवण्याची फॅशन आली. चिमटा न वापरता, केवळ ओले केस, बोटे आणि कंगवा यांनी ही लाट पडे. ती टिकावी म्हणून जवसाचा किंवा बिहीदान्याचा चिकट रस लावीत. बिहीदाना म्हणताच आमच्या वाचकांना युनानी दवाखाना आठवेल. खोकल्यासाठी हकीमसाहेब जो बुळबुळीत काढा देत तो याच बियांचा.

पण येथे एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. मार्सेलचा चिमटा सरळ केसांना लाट देण्यासाठी होता. आपल्याकडे कित्येक बायकांच्या केसांत लाट जन्मतःच असते. केसाचे मूळ त्वचेत वाकडे असले आणि केसाचा छेद गोल नसून लंबगोल असला की केस नागमोडी वाढतो. केस लांब असले म्हणजे त्यांच्या वजनाने ही लाट मुळाशी ताणली जाते. त्यामुळे टाळूवर केस सरळ दिसतात आणि कानाच्या खाली वळणे सुरू होतात. पावसाळ्यात हवेतला दमटपणा शोषून तेच केस फुलतात. कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्या बायकांना हे सांगायला नको. म्हणजे आपल्या स्त्रीपुढे लाट आणायची कशी हा प्रश्न नव्हता, आलेल्या लाटेचे करायचे काय हा होता.

शतकानुशतके त्याचे उत्तर एकच होते. तेल लावा, चापून बसवा, वेणी घाला. उर्दूत ‘पट्टियाँ जमाना’ असा वाक्प्रचार आहे. मधोमध भांग पाडून दोन्ही बाजूंचे केस कपाळावर आणि कानशिलांवर लगद्यासारखे घट्ट चिकटवायचे, त्याला हे नाव. दारोगा अब्बास अली यांनी १८७४ साली लखनौच्या तवायफांच्या छायाचित्रांचा जो अल्बम काढला, तो पाहताना ही गोष्ट सहज ध्यानात येते. ज्या स्त्रियांचा धंदाच मुळी रूपावर चालत होता त्यांचेही केस चापूनचोपून बसवलेले आहेत. मोकळ्या केसांना शायरीत मात्र केवढे स्थान! झुल्फ, गेसू, काकुल असे प्रत्येक बटेला वेगळे नाव. मुघल चित्रांत कानापुढे सोडलेली एक वळणदार बट दिसते. तेवढीच काय ती लाटेला मोकळीक, बाकी सारे वेणीत. तेल हे नुसते शोभेसाठी नव्हते हेही सांगितले पाहिजे. खोबरेल तेल केसांतील प्रथिनांची झीज कमी करते असे मुंबईच्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले. आमच्या नानीला ते निबंधाविना ठाऊक होते. मात्र तेल लावलेल्या केसावर लाट बसत नाही, हेही तितकेच खरे.

केस करणारी बाई कोण होती? श्रीमंत घरांत तिला मश्शाता म्हणत. नवरीला सजवणे, केस विंचरणे, भांग भरणे, चोटीत फुले गुंफणे ही तिची कामे. हैदराबादेकडे या शब्दाला दुसराही अर्थ आहे. लग्न जुळवणाऱ्या बाईलाही मश्शाताच म्हणतात. आम्हाला ही जोडणी फार बोलकी वाटते. घराघरांच्या जनान्यात जिला मुक्त प्रवेश होता आणि जिने प्रत्येक मुलीचे केस हातात धरून पाहिले होते, तिच्याइतकी खात्रीची माहिती दुसऱ्या कुणाकडे असणार? गरिबाघरी हेच काम आई, बहीण, शेजारीण करी. शिकेकाई-रिठ्याने नाहणे, मग ऊददाणीत लोबान टाकून त्या धुरावर केस वाळवणे, मग एकीने दुसरीमागे बसून वेणी घालणे. जुम्म्याची दुपार या कामात जाई आणि सगळ्या मोहल्ल्याच्या बातम्या त्या दोन तासांत कळत.

एक फरक मात्र आपल्या आणि शेजारच्या हिंदू घरांत होता. केस विरळ असले तर मराठी स्त्री गंगावन लावी, म्हणजे गळलेल्या किंवा विकत घेतलेल्या केसांची जोडवेणी. आपल्याकडे दुसऱ्याचे केस जोडण्याला हदीसमध्ये मनाई आहे. पण रेशमाच्या वा सुताच्या धाग्यांना हनफी फकीहांनी हरकत घेतलेली नाही. त्यामुळे मुस्लिम घरांत मूबाफ आला, केसांत गुंफायची काळी किंवा रंगीत पट्टी, शेवटी गोंडे. चोटी लांब दिसे आणि शरीयतही राखली जाई. शेजारणीशेजारणींत वेणीचे पेड, फुलांचे गजरे, अंबाड्याचे आकडे यांची देवघेव खुशाल चाले. गंगावन आणि मूबाफ तेवढे ज्याच्या त्याच्या घरी राहत.

हे सारे बंद दारामागे होते. कॅमेरा आला तेव्हा प्रथम हे दार थोडे किलकिले झाले. राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत खास पडदानशीन बायकांसाठी जनाना स्टुडिओ उघडला आणि तो केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाईंकडे सोपवला. फोटो काढणारी बाई आणि काढून घेणारी बाई, मध्ये पुरुष नाही. आमच्या फुफूच्या वेळी मिरजेत अशी सोय नव्हती, हे त्या पुठ्ठ्यामागच्या फोटोचे एक कारण असावे.

दार सताड उघडले ते सिनेमाने, आणि उघडणाऱ्यांत मुस्लिम स्त्रिया पुढे होत्या. फातमा बेगम यांनी १९२६ साली ‘बुलबुल-ए-परिस्तान’ काढला. भारतातल्या पहिल्या स्त्री-दिग्दर्शिका त्या. त्यांची मुलगी जुबेदा १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये झळकलेल्या ‘आलम आरा’ची नायिका. त्याच काळात पुण्यात जन्मलेल्या, ज्यू कुटुंबातल्या रूबी मायर्स ‘सुलोचना’ या नावाने आखूड, कुरळ्या केसांत पडद्यावर वावरत होत्या. ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ हा त्यांचा १९२७चा चित्रपट. केस कापणे त्यांना परवडले. नंतर आलेल्या पुष्कळ नायिकांना ते परवडणारे नव्हते, कारण आज मोटार चालवणारी आधुनिक मुलगी व्हायचे तर उद्या पौराणिक चित्रपटातली राणी किंवा गावातली सून. केस लांबच हवेत आणि हवे तेव्हा आखूड दिसले पाहिजेत.

या अडचणीतून जी केशरचना निर्माण झाली तिला आम्ही नक्कल मानत नाही. ती तडजोड आहे आणि मोठ्या हुशारीची तडजोड आहे. केस दोन दिवस तेलाविना ठेवून धुवायचे. ओलसर असताना तिरका भांग पाडायचा. कपाळापासून कानापर्यंत कंगव्याने केस एकदा पुढे, एकदा मागे ढकलून मध्ये बोटांनी दाबून धरायचे, म्हणजे एक उंचवटा आणि एक घळ तयार होते. असे तीन-चारदा केले की इंग्रजी ‘एस’च्या आकाराची लाट पडते, ती चपट्या क्लिपांनी वाळेपर्यंत धरून ठेवायची. ओल्या केसातले आतले सूक्ष्म बंध सुटतात आणि केस वाळताना ज्या आकारात असेल त्याच आकारात पुन्हा जुळतात, एवढेच त्यामागचे शास्त्र. मूळची लाट असलेला केस हे झटकन ऐकतो, चिमट्याची गरज पडत नाही. कानाखालची लांबी बटाबटांनी चिंध्यांवर गुंडाळून ठेवायची. वाळल्यावर चिंध्या सोडून केस बोटांनी मोकळे करायचे, मग ती सगळी लांबी आत वळवून मानेशी आकड्यांनी बसवायची. समोरून पाहणाऱ्याला खांद्यावरचे केस दिसतात. आकडे काढले की पुन्हा कमरेपर्यंत! हॉलिवूडच्या व्हेरोनिका लेकची डोळ्यावर झुकणारी बट १९४१पासून जगभर गाजली, तिच्या केशभूषाकाराला हा शेवटचा उपद्व्याप करावा लागला नव्हता.

लाटेला आणखी एक कारण होते आणि ते कॅमेऱ्याचे. कृष्णधवल चित्रात काळा केस प्रकाश गिळतो. चापून बसवलेले तेलकट केस पडद्यावर नुसता काळा डाग दिसतात. लाट असली की प्रत्येक उंचवट्यावर मागून सोडलेल्या दिव्याची रुपेरी रेघ उठते आणि घळीत सावली पडते. चेहऱ्याला चौकट मिळते. कुरळ्या बटांचे १९४९च्या ‘महल’मधल्या मधुबालाच्या चेहऱ्याला काय झाले ते आठवून पाहावे. १९५१ साली जेम्स बर्क यांनी ‘लाइफ’ या अमेरिकन मासिकासाठी तिचे जे फोटो काढले त्यांतही मोकळे, नागमोडी केस आहेत.

आता जी गोष्ट आम्हाला बोचते तिच्याकडे वळतो. मधुबाला म्हणजे मुमताज जहाँ बेगम. नर्गिस म्हणजे फातिमा रशीद. मीनाकुमारी म्हणजे महजबीन बानो. निम्मी म्हणजे नवाब बानो. १९४९च्या ‘अंदाज’मध्ये नर्गिस श्रीमंत, आधुनिक मुलगी झाली. केस लाटांचे, कपडे नव्या तऱ्हेचे. पुढे ‘चौदहवीं का चाँद’ (१९६०), ‘मेरे महबूब’ (१९६३) अशा ‘मुस्लिम सोशल’ म्हणवल्या गेलेल्या चित्रपटांची लाट आली. त्यांत पडद्यावरची मुस्लिम मुलगी ओळखू यावी म्हणून दुपट्टा, झुमर, एक लांब चोटी आणि कानापुढे ती मुघल चित्रातली बट असा साचा ठरून गेला. म्हणजे लाट ‘आधुनिक’ मुलीची आणि चोटी ‘मुस्लिम’ मुलीची, असे प्रेक्षकांच्या मनावर ठसले. आणि ती आधुनिक मुलगी साकारणाऱ्या कितीतरी जणी मुस्लिम घरांतून आलेल्या होत्या! आमच्या चुलतभावाला फुफूचा फोटो ‘सिनेमाची नक्कल’ वाटतो आणि पदरवाला फोटो ‘आपला’ वाटतो, याचे मूळ घरापेक्षा त्याच सिनेमात आहे असे आम्हाला वाटते. आमच्या बिरादरीनेही कमी केले नाही. शुक्रवारी तिकीट काढून मधुबालाच्या बटा पाहायच्या, आणि घरातल्या मुलीने भांग तिरका पाडला तर जाब विचारायचा, हा दुटप्पीपणा आमच्या मोहल्ल्यात आम्ही पाहिला आहे.

दुसरी बोच अधिक खोल आहे. ‘मुघल-ए-आझम’ (१९६०)बद्दल आपण सर्वांनी वाचले आहे की पोशाखांसाठी दिल्लीचे शिंपी, दागिन्यांसाठी हैदराबादचे सोनार, मुकुटांसाठी कोल्हापूरचे कारागीर आणि पादत्राणांसाठी आग्र्याचे मोची बोलावले होते. कोल्हापूरचे नाव वाचून आम्हालाही अभिमान वाटतो. पण अनारकलीचे केस कुणी केले? आमच्या वाचनात आलेल्या एकाही वर्णनात ते सांगितलेले नाही. मेकअप करणाऱ्या पुरुषांची नावे तरी राहिली. पंढरी जूकर, राम टिपणीस ही नावे मराठी माणसाला ठाऊक आहेत. केस करणाऱ्या बहुतेक बायका होत्या आणि त्या काळच्या श्रेयनामावलीत त्यांना बहुधा जागाच नसे. एका दृश्याचे चित्रण तीन दिवस चालले तर तिन्ही दिवस तीच बट त्याच ठिकाणी, त्याच वळणावर हवी, याची जबाबदारी त्यांची. दिव्यांच्या उष्णतेने लाट सुटू लागली की धावत जाऊन दोन बोटांनी ती पुन्हा दाबायची. हे कसब नव्हे काय?

आणि या कसबाला त्यांच्यासाठीच तुरुंग करून ठेवले होते. मुंबईच्या सिने कॉश्च्यूम मेकअप आर्टिस्ट अँड हेअर ड्रेसर्स असोसिएशन या संघटनेत बाईला हेअर ड्रेसरचेच कार्ड मिळे, मेकअपचे मिळत नसे. चेहऱ्याचे काम पुरुषाचे, केसांचे काम बाईचे. मेकअपचा मोबदला जास्त, हे वेगळे सांगायला नको. पुरुषांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, असे त्याचे समर्थन होई. सुमारे साठ वर्षे हा प्रघात चालला. चारू खुराना या परदेशात शिकून आलेल्या मेकअप कलावतीने दाद मागितली, तेव्हा १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. जनान्यातल्या मश्शातेपासून स्टुडिओतल्या हेअर ड्रेसरपर्यंत दारे कितीतरी उघडली, कंगवा धरणाऱ्या हाताला मात्र एवढे थांबावे लागले.

लाटेची फॅशन त्याआधी केव्हाच ओसरली होती. १९६०च्या ‘लव्ह इन शिमला’त दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी साधनाचे रुंद कपाळ झाकण्यासाठी ऑड्री हेपबर्नसारखी कपाळावर झालर आणली आणि ‘साधना कट’ घराघरांत पोहोचला. पाठोपाठ उलटे विंचरून फुगवलेल्या केसांचे डोंगर आले. त्यांत लांब केस असले काय, नसले काय, आत भरायला पॅड होते. फुग्याने केस तुटतात म्हणून नव्हे, पण ही फॅशन आम्हाला कधी आवडली नाही. तिच्यात केसांच्या मूळ स्वभावाशी काही बोलणेच नाही.

धाकटी फुफू आज नव्वदीजवळ आली आहे. आम्ही दुसरा फोटो तिच्यापुढे धरला तेव्हा तिने चष्मा मागितला आणि बराच वेळ पाहिला.

‘‘हे मीच केलंय,’’ ती म्हणाली. ‘‘अम्माच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडल्या होत्या. रात्रभर बिचारी पालथी झोपली, टोचतंय म्हणून.’’

‘‘फुफूजान, लावायला काय घेतलंत?’’

‘‘बिहीदाना. अब्बाच्या खोकल्याचा आणलेला होता तोच भिजवला. अब्बांना कळलं नाही.’’

मग फोटो पाठीमागे कुणी लपवला, असे विचारले. तिनेच, म्हणजे थोरलीनेच, असे उत्तर आले. निकाहनंतर सासरी जाताना तिने दोन्ही फोटो एका चौकटीत घातले. फाडायला मन होईना, आणि भिंतीवर लावणार कसा?

‘‘आणि ती लाट किती दिवस राहिली?’’

‘‘दिवस कसले?’’ धाकटी फुफू हसली. ‘‘स्टुडिओतून आलो, असरची अजान झाली. वजू करताना मसहचा ओला हात फिरवला की पुढची लाट गेली. मागचे वळण तेवढे राहिले, ते तिचं स्वतःचंच होतं.’’ मग तिने आमच्या बहिणीला जवळ बोलावले, तिच्या केसांत हात घालून कानाखालचे वळण बोटावर गुंडाळून पाहिले आणि म्हणाली, ‘‘हिचे बसतील. पण आज नको, कालच तेल लावलंय हिने. आणि मृगाच्या आत करा, पाऊस लागला की काही खरं नाही.’’